काकूंचं धाब्याचं घर

कोणी भेटायला आलं की शेजारच्या काकू आधी बाज ओढत बाहेर आणायच्या आणि नेमकी दारासमोर आडवी टाकायच्या. "इथंच बसा, आत लय पसारा हाये." पसारा कधीच नसायचा. काकूंना घराची लाज वाटायची. आपल्याच दाराआड अशी दडणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

केनवडच्या आमच्या गल्लीत सगळ्यांनी स्लॅब टाकले होते. मातीच्या धाब्याचं घर एकट्या काकूंचं उरलं होतं. ते त्यांच्या आजेसासऱ्यांच्या काळातलं. दगडी बैठकीवर सागवानी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर फळ्या आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. भिंती नुसत्या आडोशाला, सगळा भार लाकडावर. नवरा गेल्यावर तिथं त्या आणि लेक, दोघीच राहायच्या.

लेकीला पाहायला रिसोडहून पाहुणे येणार होते. आदल्या दिवशी काकू माझ्याकडे आल्या.

"पाहुण्यायले तुमच्या घरी बसवू काय? आमचंच हाये म्हणून सांगतो."

मी हो म्हटलं. माझ्या भिंतीवर त्यांनी नवऱ्याचा फोटो टांगला, तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते.

पोहे झाले, मुलगी पसंत पडली. मुलाचे मामा तंबाखू थुंकायला बाहेर गेले, ते परत येईनात. आम्ही शोधायला गेलो, तर मामा काकूंच्या घरात, मधल्या खांबावर हात ठेवून वर बघत उभे.

"हे घर कोनाचं हो?"

काकूंना आता खोटं रेटवेना. "माहंच," म्हणून त्या तोंडावर पदर ओढून खाली बसल्या.

मामांनी खांबावरचा हात काढला नाही. "आमचंबी असंच होतं," ते म्हणाले. "सोयऱ्यायची लाज वाटे म्हणून मीच पाडलं."

लग्न ठरलं तसंच झालं. पण मांडवातही काकूंनी व्याह्यांकडे मान वर करून पाहिलं नाही. "खोटं सापडलं न माहं," एवढंच म्हणायच्या.

मागच्या भादव्यात पावसाची झड लागली आणि रस्त्याकडची भिंत ढासळली. काकूंना खरचटलंही नाही. खांब, तुळया, धाबं जागच्या जागी. पण डबे, गोधड्या, दोरीवरचे कपडे, अख्खं घर गल्लीला उघडं पडलं. लोक जमले. काकूंनी आडोशाला एक फाटकं लुगडं एका खांबाला बांधलं. दुसऱ्या खांबापर्यंत ते पुरेना. मग त्याचं दुसरं टोक हातात धरून त्या रस्त्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

मी जवळ गेले. "काकू, घर तं उभंच हाये. लोकं तारीफ करून राह्यले."

"तेच तं," त्या म्हणाल्या. "सारेच पाहून राह्यले."

दुसऱ्या दिवशी लेक-जावई न्यायला आले. जीपमध्ये बसल्यावर काकूंनी मला खुणेनं बोलावलं.

"लोकायचं पाहनं झालं की मले फोन करा. मंग येतो."

रस्त्यानं जाणारे थांबत राहिले, तुळयांकडे बोट दाखवत राहिले. उन्हाळ्यात काकू लेकीकडेच वारल्या. फोन करायची वेळ काही आली नाही.