उलटून घेतलेली होडी

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. कुणावर लिहावं एवढी माझी तयारी नाही, तेव्हा माफी असावी. पण दौंडहून पुण्याला जाणाऱ्या डेमू गाडीत रोज समोर बसणाऱ्या, रेल्वेत नोकरीला असलेल्या मामांवर लिहावंसं वाटतं. ते खिडकीतून झाडांचे शेंडे बघतात आणि कुणी विचारलेलं नसताना सगळ्या डब्याला सांगतात, "आज वारं पश्चिमेचं हाय."

त्यांना धरणाच्या पाण्यावर फिरायला शिडाची होडी घ्यायची होती. पोहता येत होतं, होडी हाकता येत नव्हती. मामींनी बजावलं होतं, "आधी एकटं जाऊन माघारी या, मगच मी बसंन."

एका रविवारी होडी निवडायला त्यांनी मलाही नेलं. धरणाच्या काठाला दोन होड्या होत्या. मला लांब, लाल शिडाची आवडली. मामा लाइफ जॅकेट घालून पाण्यात उतरले आणि म्हणाले, "दोन्ही उलट्या करा."

विकणारा हसला. "लोकं तरंगती का बघत्यात, तुम्ही बुडवताय व्हय?"

"पहिलीच होडी हाय, उलटणार तर नक्की. मला एकट्याला सरळ करता येती का, तेवढं बघू द्या."

लांब होडी सरळ करायला आम्ही तिघं लागलो. बुटकी मामांनी एकट्यानं उठवली, आणि तीच घेतली. निघताना लाल शिडाकडे मात्र त्यांनी एकदा वळून पाहिलं.

पुढे परीक्षेमुळे माझं त्या गाडीनं जाणं बंद झालं, भेट नाही. काल त्यांचा फोन आला.

"उलटली रे! पार मधोमध! आन् उठवली बी!"

मागून मामींचा आवाज आला, "त्याला सांगा, उद्या मी बसतीय."