फाउल चेंडूवर दिलेला विक्रम

माझं प्रोबेशन संपायला आठवडा उरला होता आणि अमेरिकेतल्या एका खेळाडूला होमरनचा जुना विक्रम मोडायला एक फटका उरला होता. दोन्ही गोष्टी एकाच सकाळी माझ्या उजव्या हाताच्या बोटावर येऊन बसल्या.

बंगळुरात आमचं ऑफिस अमेरिकेतल्या बेसबॉल सामन्यांचा ताजा स्कोअर तिथल्या लोकांच्या मोबाइलवर पाठवायचं. तिथली संध्याकाळ म्हणजे आपली सकाळ, म्हणून मी के. आर. पुरमहून पहिली बस धरायचो. घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिलाच. त्यामुळे ट्रेनिंगमध्ये सांगितलेलं सगळं समास आखून वहीत उतरवलं होतं. फलंदाजापासून दोन पांढऱ्या रेघा फाकत जातात, त्यांच्या टोकाला पिवळे खांब. चेंडू दोन खांबांच्या मधून बाहेर गेला तर होमरन. खांबाच्या पलीकडून गेला तर फाउल, म्हणजे काहीच नाही. परीक्षेत मला पैकीच्या पैकी होते.

विक्रमाच्या अभिनंदनाचा मजकूर तयार होता. मी फक्त बटण दाबायचं. आमची टीम लीड बंगळुरातलीच, जयनगरची. मी निपाणीकडचा, कन्नडही बोलणारा, म्हणून तिला अक्का म्हणायचो.

"स्वल्प थांबायचं," ती म्हणाली. "अंपायरनं हवेत बोट फिरवल्याशिवाय बटण नाही."

"सरी, अक्का," मी कन्नडमध्ये होकार दिला.

स्क्रीनवर चेंडू उंच गेला. मैदानातले प्रेक्षक उभे राहिले, शेजारचा पुण्याचा सहकारी हातातल्या इडलीसकट उभा राहिला. चेंडू गर्दीत पडला आणि मी बटण दाबलं. आमच्या शाळेत चेंडू कुंपणाबाहेर गेला की सिक्स. पुढून जाऊ दे, मागून जाऊ दे, मुख्याध्यापकांच्या कौलांवर पडू दे, सिक्सच. नियम वहीत होता, पण बोट अजून गावातच होतं.

अंपायरनं दोन्ही हात वर केले. फाउल.

"अभिनंदन," पुणेकर म्हणाला. "त्याला अजून माहीत नाहीये, पण तू त्याचा रेकॉर्ड करून टाकलास."

अक्का दुरुस्तीचा संदेश टाइप करत होती. मी विचारलं, "माझं कायम होण्याचं पत्र हातचं गेलं का आता?"

"आधी त्याचा विक्रम परत घेऊ दे. मग तुझं बघते."

पुढच्या चेंडूंपैकी एक त्यानं पुन्हा मारला, दोन खांबांच्या अगदी मधोमध. मी दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसलो होतो. अंपायरचं बोट दिसायला हवं होतं, आणि कॅमेरा काही अंपायरकडे वळेना. प्रेक्षक दाखवले, मग खेळाडूची आई दाखवली. ती रडत होती.

"अरे दाब ना," पुणेकर म्हणाला. "आई रडतीये, अजून काय प्रूफ हवंय तुला?"

"आई फाउललाही रडली असेल."

शेवटी रिप्लेमध्ये अंपायर सापडला, बोट फिरवताना. मी बटण दाबलं तेव्हा तो खेळाडू सगळ्यांना मिठ्या मारून, बाकावर बसून पाणी पीत होता.

सामना संपल्यावर अमेरिकेतल्या साहेबांचा फोन आला. अक्कानं स्पीकर लावला. काय झालं, असं त्यांनी विचारताच मी उभा राहिलो. फोनवर ते दिसत नाही हे नंतर लक्षात आलं. म्हणालो, "सर, चूक माझी आहे. दोन्ही वेळची."

अक्कानं फोन स्वतःकडे ओढला. "सर, पहिला संदेश दोन मिनिटं लवकर गेला, दुसरा दोन मिनिटं उशिरा. सरासरी बरोबर आहे."

पलीकडे साहेब हसले की खोकले, यावर आमच्यात अजून एकमत नाही.

आठवड्यानं पत्र आलं. प्रोबेशन एक महिना वाढवलं होतं. मी ते फोनवरून वडिलांना वाचून दाखवलं, मराठीत अर्थ सांगत.

"म्हंजे काढलं न्हाई न्हवं?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग आणि एक महिना शिकवाय लागल्यात की तुला. गप शिकून घे."