घट्टकाकांचा आठवा बोल्ट

सगळे त्यांना घट्टकाका म्हणत. त्यांनी आवळलेला बोल्ट सुटत नसे आणि धरलेला हट्टही. तीस वर्षं त्यांनी फोर बाय फोर गाड्यांच्या नाकापुढे बुलबार, म्हणजे धडक झेलणारे लोखंडी कठडे, बसवले. त्यातला एकही कधी वाकला नाही, हे ते आल्यागेल्याला सांगत, आणि तेही न विचारता.

काकूंनी अठ्ठावन्नाव्या वर्षी लायसन्स काढलं तेव्हा काकांना कोण आनंद! त्यांच्या गाडीला बुलबार अर्थातच काकांनी स्वतः बसवला. हल्ली बुलबार गाडीला जोडणारे ब्रॅकेट मुद्दाम चिरा पाडून कच्चे ठेवलेले येतात. "माझ्या बायकोच्या गाडीला असलं लेचंपेचं?" म्हणत काकांनी चिरांवर जाड पट्टी वेल्ड करून टाकली. शीळ घालत.

पुढच्याच सोमवारी काकू पहिल्यांदा एकट्या निघाल्या, दोन तासांवरच्या धाकट्या बहिणीकडे. त्या वळणाआड जातात न जातात तोच गाड्यांच्या तपासणीच्या बाई काकांच्या वर्कशॉपमध्ये आल्या, दुसऱ्याच एका गाडीसाठी. काकांना कसलं राहवतंय! त्यांनी पट्टीची बढाई मारली.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "अहो काका, धडक बसली की त्या चिरा दबायलाच हव्यात. गाडीला धक्का कसा बसतो त्यावरून एअरबॅग कधी उघडायची ते ठरतं. तुम्ही पट्टी ठोकून त्याचं गणितच बिघडवलंत. आता उशिरा उघडली तर? चिरा ठेवायचा नियम काय उगाच केलाय?"

काकांच्या पायाखालची जमीन सरकली. फोन करावा, तर चालवताना फोन उचलायचा नाही, हे त्यांनीच काकूंकडून घोकून घेतलेलं. पण लांब जाताना आधी पंपावर हवा बघायची, हेही त्यांनीच शिकवलेलं! काकांनी पाना-पक्कडीची पिशवी खांद्याला अडकवली आणि सायकलवर टांग मारली.

काकू पंपावरून निघतच होत्या. काका हँडलवरचे हात सोडून ओरडले, "थांब! अगं थांब!" काकूंनी आरशात पाहिलं. टाटा करायला आले बिचारे, असं वाटून त्या विरघळल्या, हात हलवला आणि सुसाट सुटल्या.

पुढचा लाल सिग्नल देवासारखा धावून आला. काका धापा टाकत खिडकीशी पोचले. "बाजूला घे. पुढचं सगळं काढायचंय. चुकलं माझं."

शेवटचे दोन शब्द काकूंनी चाळीस वर्षांत ऐकले नव्हते. खात्रीसाठी त्यांनी ते पुन्हा म्हणायला लावले.

सात बोल्ट सुटले. आठवा घट्टकाकांनाच दाद देईना. काका पान्याला लटकले, बोल्टला शिव्या दिल्या, मग विनवण्या केल्या. शेवटी काकूंनी चपला काढल्या, काकांचा खांदा धरला आणि पान्याच्या दांड्यावर चक्क उभ्या राहिल्या. कर्रर्र! बोल्ट सुटला आणि दोघंही रस्त्याच्या कडेला धपकन बसली. मग अशी हसत सुटली, की डोळ्यांतून पाणी आलं.

बुलबार आणि सायकल मागे कोंबून काका शेजारी बसले. काकूंचा सीटबेल्ट त्यांनी दोनदा ओढून पाहिला.

"चला, माझ्याबरोबर बहिणीकडे."

"या ग्रीसच्या कपड्यांत?"

"याच कपड्यांत," काकू गिअर टाकत म्हणाल्या. "तिलाही बघू दे, माझ्यामागे सायकल हाणत कोण आलं ते."