कट म्हणायचं कुणी

सगळं गाव तिला मावशी म्हणायचं आणि तिला सख्खी बहीणच नव्हती. मग भाचे यायचे कुठून? पण चौदा वर्षं रोज संध्याकाळी साडेसातला घराघरांतल्या टीव्हीवर मावशी म्हणून हजेरी लावली, की माणसाचं मूळ नाव कोण लक्षात ठेवतो? भाजीवाला मावशी म्हणायचा, बँकेतला कॅशियर मावशी म्हणायचा. दातांचा डॉक्टर तर तिच्या तोंडात आरसा घालून सांगायचा, "मावशी, त्या धाकट्या सुनेला एकदा चांगलं झापा हो." घरी नवऱ्यानंही एकदा चुकून मावशी अशी हाक मारली होती. त्याची शिक्षा म्हणून दोन दिवस त्याला स्वतःचा चहा स्वतः करून प्यावा लागला.

मालिकेतलं घर मोठं होतं. माणसं अकरा, खोल्या सात आणि भिंती प्रत्येक खोलीला तीनच, कारण चौथ्या भिंतीच्या जागी कॅमेरा. स्वयंपाकघरात नळ होता, पण त्याला पाणी नव्हतं. मावशीनं नळ सोडायचा, भांडं खाली धरायचं आणि पाणी वाहतंय असं तोंड करायचं. पाण्याचा आवाज मागाहून घातला जायचा. या कामात ती इतकी तयार झाली होती, की घरचा नळ सोडल्यावर खरंच पाणी आलं तर क्षणभर दचकायची.

मालिकेत तिचं मुख्य काम मात्र दचकणं हेच होतं. हातात फडकं घेऊन स्वयंपाकघरातून यायचं, दाराशी थबकायचं, ऐकू नये ते ऐकायचं आणि दचकायचं. मग तेच समोरून, तेच डावीकडून, तेच उजवीकडून. "एकदा ऐकलंय ना मी? मग तीन तीनदा कशाला दचकू?" असं ती पहिल्या वर्षी दिग्दर्शकाला विचारून बसली होती. दिग्दर्शक म्हणाला, "चला चला." त्याचं प्रत्येक गोष्टीला हेच उत्तर असायचं, म्हणून सगळे त्याला पाठीमागे चलाचला म्हणत.

तेव्हापासून मावशीनं विचारणं सोडलं आणि लिहायला घेतलं. शाळकरी वहीत डाव्या पानावर आपले संवाद आणि उजव्या पानावर, हा सीन आपण कसा घेतला असता ते. कॅमेरा कुठे ठेवला असता, कुणाला गप्प बसवलं असतं, वगैरे. चौदा वर्षांत सतरा वह्या झाल्या. ही गोष्ट एकट्या नवऱ्याला ठाऊक होती. तो भूगोलाचा मास्तर, आता निवृत्त. तो म्हणायचा, "नकाशावर बोट फिरवून प्रवास होत नाही बरं. एकदा विचारून तर बघ."

विचारायची वेळच आली नाही, कारण चॅनेलनंच विचारलं. चलाचलाच्या जोडीला आठवड्याचे दोन दिवस सांभाळणारा दुसरा दिग्दर्शक दुसरीकडे निघून गेला होता आणि ते दोन दिवस रिकामे पडले होते. चॅनेलच्या मॅडमनी ठरवलं, की मालिकेतल्याच तीन नटांना एकेक भाग दिग्दर्शित करायला द्यायचा. ज्याचा जमेल, त्याला ते दोन दिवस कायमचे. अट एकच, भाग सकाळी आठ ते संध्याकाळी सहा या वेळेत पुरा झाला पाहिजे. सहा वाजता दिवे उतरवून शेजारच्या मालिकेला जायचे, ते कुणासाठी थांबत नसत.

पहिला भाग नायकानं केला. बावीस मिनिटांत त्याचा स्वतःचा चेहरा एकोणीस वेळा दिसला, त्यातले सहा आरशातले. दुसरा भाग धाकट्या सुनेनं केला. पोर स्वभावानं इतकी गोड, की तिच्यानं कुणाला नाही म्हणवेना. प्रत्येक टेकला "छान" म्हणत चार वाजताच ती मोकळी झाली. मग एडिटिंगला बसल्यावर कळलं, की एकाच वाक्यात सासऱ्याच्या हातातला कप तीनदा हात बदलतो. तिसरी पाळी मावशीची.

तिच्या वाट्याला आलेला भाग वाचून मावशीचा चेहरा उतरला. या भागात आप्पा घर सोडून लेकीकडे जाणार होते. आप्पा म्हणजे मालिकेतल्या नायकाचे वडील आणि मावशीचे मेहुणे. पण युनिटमध्येही सगळे त्यांना आप्पाच म्हणत. वय अठ्ठ्याहत्तर. गुडघे दुखायचे, संवाद विसरायचे, एका टेकच्या जागी पाच व्हायचे. मालिकेत कुणी कायमचं लेकीकडे राहायला गेलं, की त्याचा अर्थ त्या नटाला निरोप. आप्पांना हे फोनवर कळवण्यात आलं होतं. मेकअपच्या खुर्चीत बसल्या बसल्या ते मावशीला म्हणाले, "आपली बदली झाली बरं का. घरी." आणि हसले. मावशीला काही हसू आलं नाही.

पण काम ते काम. ठरल्या दिवशी सकाळी मावशी दिग्दर्शकाच्या खुर्चीत बसली. समोर मॉनिटर. चौदा वर्षं ज्या घरात वावरली ते घर तिनं पहिल्यांदा बाहेरून पाहिलं आणि ते तिला फार आवडलं. कॅमेरामन म्हणाला, "मावशी, रेडी." तिनं घसा साफ केला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "ॲक्शन."

आणि उठली. हातात फडकं घेऊन थेट सेटवर चालत गेली, दाराशी थबकली आणि दचकली.

"मावशी," कॅमेरामन शांतपणे म्हणाला, "या सीनमध्ये तुम्ही नाही."

सगळं युनिट पोट धरधरून हसलं. मावशीही हसली, पण कान लाल झाले. ॲक्शन ऐकलं की पाय चालू लागायचे, आता ते कुणी म्हटलं हे पायांना काय ठाऊक?

त्यानंतर मात्र तिची गाडी जी रुळावर आली, ती थांबली नाही. दचकायचं ते एकदाच, असा तिनं हुकूम काढला. थोरल्या सुनेला म्हणाली, "तू रडू नकोस. रडू आवर. बघणारे आपोआप रडतील." नायकाला पाठमोरा उभा केला. तो म्हणाला, "पाठ दिसेल ना माझी." ती म्हणाली, "छान आहे की पाठ. चौदा वर्षांत कुणी बघितलीच नाही." बारा वर्षं डावीकडून उजवीकडे कॅमेरा फिरवून कंटाळलेला कॅमेरामन जेवायच्या सुट्टीत तिच्याजवळ येऊन बसला आणि आपणहून दोन गोष्टी सुचवून गेला. पाच वाजून दहा मिनिटांनी आठांपैकी सात सीन झाले होते. मावशीच्या अंगात विशीतलं बळ आलं होतं. इतकी मजा तिला आयुष्यात क्वचितच आली होती आणि ती तिनं लपवलीही नाही, दोन सीनच्या मध्ये चक्क गुणगुणत होती.

उरला शेवटचा सीन. आधी स्वयंपाकघरात मावशी आणि आप्पा दोघंच, मग आप्पा बॅग घेऊन दाराबाहेर जातात आणि सगळं घर बघत राहतं. कंटिन्युटीबाई, म्हणजे कुणाच्या हातात काय होतं आणि किती वाजले, याची डोळ्यांत तेल घालून नोंद ठेवणारी बाई, म्हणाली, "मावशी, पावणेसहाला स्वयंपाकघर संपलंच पाहिजे. दाराला दिवे लावून शॉट घ्यायला पंधरा मिनिटं लागतात. त्याच्यापुढे एक मिनिट गेलं, की दार गेलं."

या सीनमध्ये मावशीला स्वतःलाही काम होतं. ती खुर्चीतून उठली, स्वयंपाकघरात जाऊन टेबलाशी मटार सोलत बसली आणि तिथूनच म्हणाली, "ॲक्शन."

आप्पा बॅग घेऊन आले. बॅग खाली ठेवली. संवाद त्यांना आठवले, सगळे. शेवटी म्हणाले, "घर सांभाळ."

"जा," मावशी मटारांकडे बघत म्हणाली. "कुणी अडवलंय?"

इथे संवाद संपले. आप्पांनी बॅग उचलायची, तेवढंच राहिलं होतं. पण आप्पांनी ती उचलली नाही. ते उभेच राहिले.

आणि कट काही ऐकू येईना.

कट ऐकू येईपर्यंत नटानं थांबायचं नाही, हा नियम दोघांच्याही हाडांत मुरलेला. छत कोसळलं तरी त्या छताखाली पात्र म्हणूनच उभं राहायचं. मावशी मटार सोलत राहिली. मनात म्हणाली, हा चलाचला कट का म्हणत नाहीये? झोपला की काय? इतर वेळी तर वाक्य संपायच्या आत घाई. आणखी चार शेंगा सोलून झाल्या. युनिटमध्ये कुणी हूं का चूं करेना. कट म्हणायचा हक्क फक्त दिग्दर्शकाचा, दुसरा कोण तोंड उघडणार?

मग मावशीला आठवलं. चलाचला आज सुट्टीवर होता. कट म्हणायचं होतं ते तिनंच. एक अख्खं मिनिट ती स्वतःचीच वाट बघत बसली होती.

तिनं नजर वर केली. कॅमेऱ्याच्या मागे कंटिन्युटीबाई एक बोट उंच धरून उभी होती. एक मिनिट उरलं होतं. मावशीनं कट म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात आप्पांनी समोरची खुर्ची ओढली. हळूहळू, गुडघ्याला सांभाळत खाली बसले. पायानं बॅग टेबलाखाली सरकवली, अगदी आतपर्यंत. मग मटारांची रास स्वतःकडे ओढली आणि एक शेंग हातात घेतली. चौदा वर्षांत न सांगता त्यांनी कधी साधा पंखाही लावला नव्हता. घर सोडून जायला तयार नसलेला मालिकेतला म्हातारा समोर बसला होता, की काम सोडून जायला तयार नसलेला खरा, हे मावशीला कळेना.

आता कट म्हटलं, तर दार होईल, भाग पुरा होईल, दोन दिवस तिचे. नाही म्हटलं, तर सतरा वह्या माळ्यावर. तिला हे स्वच्छ कळत होतं.

मावशीनं तोंड मिटलं आणि अर्धे मटार त्यांच्यापुढे सारले.

कंटिन्युटीबाईनं बोट खाली घेतलं आणि घड्याळ खिशात टाकलं. दोघं म्हातारी मटार सोलत होती. आप्पांनी एक दाणा तोंडात टाकला. मावशीनं डोळे वटारले. त्यांनी दुसरा टाकला. तिला हसू फुटलं, ते तिनं दाबलं, आणि दाबताना डोळ्यांत पाणी आलं. अशी तीन मिनिटं गेली. मग ती अगदी हळू म्हणाली, "कट."

टाळ्या कुणीच वाजवल्या नाहीत. कॅमेरामन उगाच भिंग पुसत बसला.

"माझं चुकलं ना?" आप्पांनी विचारलं. "बॅग उचलायची होती."

"माझंही चुकलं," मावशी म्हणाली. "चहा घेऊ या."

दोन दिवसांनी मॅडमनी तिला बोलावलं. तोवर चलाचलानं सगळीकडे सांगून ठेवलं होतं, की मावशी कट म्हणायलाच विसरल्या. उलट कॅमेरामन शपथेवर सांगत होता, की हे सगळं मावशींच्या डोक्यात आधीपासून होतं. घरून निघताना नवऱ्यानं विचारलं, "यातलं काय सांगणार आहेस?" ती म्हणाली, "अजून ठरलं नाही. तुम्ही दार लावून घ्या."

मॅडमच्या टेबलावर तोच भाग स्क्रीनवर थांबवून ठेवला होता.

"मी ऐकलं, तुम्ही कट म्हणायला विसरलात."

मावशीला प्रश्न पडला, हो म्हणावं की नाही म्हणावं? दोन्ही अर्धवट खोटं झालं असतं.

"पहिलं मिनिट विसरले," ती म्हणाली. "नट आहे मी, कुणीतरी म्हणेल म्हणून वाट बघत होते."

"आणि पुढची तीन मिनिटं?"

"ती मी घेतली."

"दाराचा शॉट जाणार हे माहीत होतं?"

"होतं."

"पुढचे सहा भाग लिहून तयार आहेत. त्यात आप्पा नाहीत."

"मग पुन्हा लिहावे लागतील," मावशी म्हणाली आणि मग तिला कळलं, की आपण मॅडमना धाकट्या सुनेला झापायच्या सुरात झापलं. तिनं जीभ चावली.

मॅडम मोठ्यानं हसल्या. "लिहायला सांगते. मंगळवार, बुधवार तुमचे. आणि सहा म्हणजे सहा. पुन्हा नियम मोडायचा नाही."

"नाही मोडणार."

"मोडाल. फक्त आधी मला फोन करा."

मावशी बाहेर आली. जिन्याच्या पायरीवरच टेकली आणि आधी नवऱ्याला नाही, आप्पांना फोन लावला.

"मंगळवारी आठ वाजता या," ती म्हणाली. "मी घेतेय भाग."

आप्पांनी विचारलं, "संवाद किती आहेत?"

"एकही नाही. नुसतं घरात बसायचंय."

"बसायचंय होय," आप्पा म्हणाले. "मग येतो. ते मला पाठ आहे."