फुग्यांच्या कारखान्यातली हळद

डहाणूत ज्या खोलीत आमची गाणी कॅसेटवर चढली, तिथे आधी फुग्यांचा कारखाना होता. शेठने भिंतींना गोणपाट आणि गोधड्या ठोकून स्टुडिओ केला, पण रबराचा वास काही गेला नाही. तिथे बोललेलं परत यायचं नाही. तोंडातून शब्द निघाला की भिंत गिळून टाकायची. मला अजून त्या भिंतींची भीती वाटते.

झरीहून आम्ही दोघी जावा हळदीची गाणी म्हणायला गेलो होतो. थोरली जाऊ गाणारी, मी मागून साथ देणारी. मला मात्र खात्री होती, कॅसेटवर फोटो माझाच येणार. म्हणून मी बोटभर काजळ घालून गेले. आवाज टिपायच्या ठिकाणी काजळ! माझा आवाज फार चढतो म्हणत शेठने मला माइकपासून मागे सरकवलं, मग आणखी मागे, शेवटी मी दारात. तोही मला मानच वाटला.

पहिल्याच गाण्यात बांगड्या वाजल्या. शेठ म्हणाला, "बेन, बांगडी काढो." मी लगेच उतरवल्या, जशी काही भांडी घासायला बसणार होते. जाऊने नाही उतरवल्या. नवरा असताना, तेही हळद गाताना, हात मोकळा करायचा? तिने लुगड्याची चिंधी फाडली, बांगड्यांवर घट्ट बांधली आणि गायली.

पुढच्या पावसाळ्यात ती तापाने गेली. कॅसेट मात्र तलासरीच्या पाड्यापाड्यांत पोचली होती. टेकडीपलीकडे लग्न असलं की कर्ण्यातून ती गायची. माझे मोठे दीर, तिचा नवरा, जेवता जेवता थांबायचे, चप्पल घालायचे आणि बिनबोलावता त्या मांडवात जाऊन बसायचे. कुणी कधी त्यांना उठवलं नाही.

आमच्या घरात तिच्या आवाजाशिवाय एकही हळद लागली नव्हती. पण घरची कॅसेट झिजून गेली, आणि नातीचं लग्न ठरलं. मला ती हवी होती.

नातीला घेऊन स्टुडिओत गेले. शेठ राहिला नाही. त्याचा मुलगा खोली पाडायच्या आधी जुनी रिळं कॉम्प्युटरवर उतरवून घेत होता. आमचं रीळ त्याने लावलं, तर त्यावर भलत्याच ऑर्केस्ट्राचं गाणं.

"आजी, पप्पांनी रीळ पुन्हा वापरलंय," तो ओशाळून म्हणाला.

नात उठली. मी म्हटलं, शेवटपर्यंत चालू दे.

ऑर्केस्ट्रा संपला. नुसती खरखर. मग आमच्या रिळाचं न पुसलेलं शेपूट: चिंधी सुटल्याचा आवाज, बांगड्यांची किणकिण, आणि अगदी कानाशी ती:

"आधी बांगड्या घाल, बाय. मग काय ते बोल."

दूर दारातून माझा आवाज: "फोटो कधी काढणार?"

नात हसत सुटली. माझा हात पदराखाली गेला. मनगट केव्हाचं मोकळं आहे. आमचा म्हातारा त्याच्या विड्यांनी गेला, माझ्या उतावळेपणाने नव्हे, असं मी त्या भिंतींना मनातल्या मनात सांगितलं. त्यांनी तेही गिळलं.

हळदीला डीजेवाल्याने तेवढंच लावलं. माझ्या फोटोच्या प्रश्नावर सगळा मांडव हसला. मोठे दीर कडेला जेवत होते. त्यांचा घास थांबला. ते उठले, पायाने चप्पल चाचपू लागले. मग त्यांनी भोवती पाहिलं, आणि आपल्याच मांडवात पुन्हा खाली बसले.