तळ चाचपणारी काठी

पंपांच्या जळालेल्या मोटारी उघडून त्यांत तांब्याची नवी तार भरायची, हे तिचं काम. दुकानात सगळे तिला वायंडरबाई म्हणत. हात इतका बसलेला की तार गुंडाळता गुंडाळता ती भांडायचीसुद्धा. नवरा गेल्यापासून मात्र तिचं तोंड मिटलं होतं.

तो धरणामागच्या तलावात बुडाला. सुट्टी असली की कयाक, ती एकट्याने वल्हवायची अरुंद होडी, घेऊन मासे धरायला जायचा. त्या दिवशी मोठा मासा गळाला लागला आणि कयाकच्या नाकाखालून, पुढच्या टोकाखालून, पलीकडे पळाला. गळाची काठी आखूड. दोरी नाकावर घासून तुटेल म्हणून हा पुढे वाकला, आणि कयाक उलटली. काठावरच्या एकाने हे डोळ्यांनी पाहिलं. कयाक सापडली, काठी सापडली, तो काही सापडला नाही. तळाला बुडालेली जुनी झाडं आहेत, तिथे पाणबुड्यांचंही काही चालत नाही, असं म्हणून शोधणाऱ्यांनी हात टेकले.

घरात उरले ती आणि सासरे. सासरे सुतार, जन्माचे फटकळ. पण आता दोघं जेवायला बसली की आवाज व्हायचा तो भांड्यांचाच.

एका सकाळी सासऱ्यांनी ती कयाक दारात उपडी घालून घासायला घेतली.

"बाबा, हे काय?"

"मासे धरायला जाणार."

"तुम्ही? तुम्हाला मासा कळतो तो ताटात पडल्यावर!"

"शिकेन. पिकलं पान झालो म्हणून हात झडले नाहीत माझे."

ती पुष्कळ बोलली. म्हातारा ऐकतोय कसला! तीच आखूड काठी घेऊन गेला. ती काठावर उभी राहिली. दोरी कयाकच्या नाकाला अडकली, आणि म्हातारा ती सोडवायला पुढे वाकला. अगदी मुलासारखा.

दुसऱ्याच दिवशी तिने गळाच्या सामानाचं दुकान गाठलं. दुकानदार म्हणाला, "कयाकची गोष्ट वेगळी, ताई. माणूस बसलेला असतो, म्हणून कोपरामागची मूठ आखूड हवी, नाहीतर जाकिटात अडकते. पण काठी लांब पाहिजे. जागचं न हलता टोक नाकापलीकडे गेलं पाहिजे. तयार काठीत दोन्ही गोष्टी एकत्र मिळणं कठीण."

"मग मीच बांधते," ती म्हणाली.

घरी तिने सासऱ्यांना स्वयंपाकघरात जमिनीवर पाय पसरून बसवलं. समोर स्टूल आडवं टाकून कयाकचं नाक केलं.

"चुलीपुढे वल्हवायचं राहिलंय फक्त," म्हातारा पुटपुटला. किती तरी दिवसांनी ती हसली. कोपरापासून मूठ मोजून तिने खूण केली.

मग दुकानात मूठ-कड्या नसलेल्या कोऱ्या काठ्या निवडताना म्हाताऱ्याने प्रत्येकीचं टोक बोटाने वाकवून पाहिलं. "टोक नाजूक हवं. तळाला काय लागतंय ते हाताला कळलं पाहिजे. चिखल, दगड, लाकूड."

"मासा तर वर..." ती म्हणाली आणि थांबली. "बाबा, गळ कुठला लावता तुम्ही?"

"गळ नाही लावत. शिसं बांधतो नुसतं." त्याने मान वर केली नाही. "मऊ काही लागलं तर मग आकडा टाकायचा."

ढिगातली सगळ्यात नाजूक टोकाची काठी तिने बाजूला काढली.

बुचाची मूठ त्याने कानशीने घासली. दोरी ओवायच्या कड्या तिने रेशमी दोऱ्याने बांधल्या, तार गुंडाळावी तशा, वेढ्याला वेढा चिकटवून. वर राळ लावली. ती ओघळू नये म्हणून सुकेपर्यंत म्हातारा काठी हातात फिरवत बसला. शेवटी तिने मुठीला सुटी दोरी अडकवली.

"ही कयाकला बांधायची, बाबा. कमरेला नाही. काठी पाण्यात गेली तर जाऊ दे, तिच्यामागे वाकू नका."

त्यानंतर तो रोज जायचा. जेवताना तीच एक बातमी असायची. "आज सगळा चिखल." "आज झाडं लागली." ती 'हं' म्हणून वाढायची.

उन्हाळ्यात पाणी खाली गेलं. एका दुपारी तो एक बूट घेऊन आला. गाळाने भरलेला, शिवण उसवलेली. त्याने तो ओट्याजवळ ठेवला आणि विचारलं, "त्याचा का गं?"

नवऱ्याचे बूट त्या दिवशी तलावाच्या काठावरच सापडले होते. तिने ते कुणाला न दाखवता कपाटात कपड्यांखाली ठेवले होते. म्हाताऱ्याचे हात उन्हाने सोलले होते, गालफडं बसली होती.

"हो," ती म्हणाली. "त्याचाच."

सासरे मटकन खाली बसले आणि रडले. मुलगा गेल्यापासून पहिल्यांदा. संध्याकाळी दोघांनी घरामागे खड्डा करून बूट पुरला. कुणाचा कोण जाणे, पण माती लोटताना तिलाही आवरेना.

नंतर तिने पोलीस चौकीत जाऊन विचारलं, तलावात आणखी कुणी हरवलंय का. हवालदार म्हणाला, "जुने बूट लोक फेकतात, बाई. त्यात काय?"

सासऱ्यांनी कयाक विकून टाकली. ते दोन घास जास्त खाऊ लागले, त्यांना झोप लागू लागली. ती मात्र पलंगावर डोळे उघडे ठेवून पडायची. तो अजून त्या झाडांमध्येच कुठेतरी होता, आणि त्याला शोधणारं एकच माणूस होतं. त्यालाही तिनेच घरी बसवलं होतं.