दोन ताऱ्यांची भेट आणि गायकवाडकाकांचे कान

दर रविवारी सकाळी इंदिरानगरला माझ्या गच्चीवरच्या खोलीत मी, रमेश आणि गायकवाड काका-काकू असे आम्ही चौघं आकाश ऐकतो. हो, ऐकतो. वर्षभरात ज्ञान किती साठलं माहीत नाही, किस्से मात्र मावेनासे झालेत.

मी कॉलेजात फिजिक्स शिकवते. दूर कुठेतरी दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांभोवती फिरत फिरत एकजीव होतात, तेव्हा गुरुत्वीय लहरी उठतात. त्या लहरींचं आवाजात केलेलं रेकॉर्डिंग मी स्पीकरवर लावते. आधी खोल घुमणं, मग चढत जाणारी बारीक शीळ, आणि शांतता.

*

पहिल्याच दिवशी मी सांगितलं, "या ताऱ्याचं वजन सूर्याहून जास्त, पण आकार आपल्या नाशिकएवढा."

मखमलाबादला झेंडू पिकवणारा रमेश विचारात पडला. "एवढं वजन नाशकात? मंग द्वारका चौकात जॅम व्हणारच."

*

या लहरी निघाल्या तेव्हा पृथ्वीवर माणूसच नव्हता, हे ऐकून रमेशने खिडकीतून वर आभाळाकडे बघितलं.

"म्हंजे ते कवाच भेटून गेले. आन् आपल्याला आत्ता कळतंय." मग हळूच म्हणाला, "मॅडम, मंग घाई नाय ना? चहा ठेवा."

*

अशा भेटींतून सोनं तयार होतं. हे कळल्यावर गायकवाडकाकूंचा हात कानाकडे गेला.

"सासूबाई म्हणायच्या, ह्या कुड्या फार जुन्या आहेत. मला वाटायचं, उगाच सांगतात."

*

काकू येतात त्या काकांसाठी. काका ओझरच्या विमान कारखान्यात होते. नुसत्या आवाजावरून इंजिनाचा बिघाड सांगायचे. त्या आवाजांनीच त्यांचे कान नेले. बारीक आवाज आता ऐकूच येत नाहीत, पण ते कबूल करायचे नाहीत. आम्ही माना डोलावल्या की तेही डोलवायचे. मला ते दिसायचं आणि फार वाईट वाटायचं.

परवा शीळ चढली, संपली. आम्ही तिघांनी माना डोलावल्या. काका डोळे मिटूनच बसलेले.

"माझ्या कानात ते भेटतच नाहीत," ते म्हणाले. "घुमतात आणि लांब निघून जातात. पुढच्या रविवारपासून मी काही येत नाही."

काकूंनी मला रेकॉर्डिंग पुन्हा लावायला सांगितलं. काकांचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि त्यांच्या तळव्यावर दोन बोटं गोल गोल फिरवायला लागल्या. आधी मोठे गोल, सावकाश. आवाज चढत गेला तसे लहान, आणखी लहान, भराभर. शीळ थांबली तेव्हा दोन्ही बोटं तळव्याच्या मधोमध एकत्र टेकली होती.

काकांनी डोळे उघडले नाहीत. मूठ मात्र अलगद मिटली.

"परत लावा," ते म्हणाले.